देवावरचा राग आणि देवाची दया : योनाच्या उपवासाचा अर्थ

पैनगंगेपलीकडचा आदिलाबाद जिल्हा तेलंगणात असला तरी तेथे मराठी सहज कानी पडते. तेथील कॅथलिक धर्मप्रांताचे नातेही महाराष्ट्राशी आहे. चांदा, म्हणजे चंद्रपूरच्या धर्मप्रांतातून १९९९ मध्ये तो वेगळा झाला. गोव्यातील कॅथलिक समाज लॅटिन परंपरेचा, तर आदिलाबादचा धर्मप्रांत सिरो-मलबार, म्हणजे केरळातील संत थॉमसच्या ख्रिस्ती समाजाच्या पूर्व सिरियाई परंपरेचा. दोन्ही पोपच्याच अधिकाराखाली आहेत. उपासनेच्या रीती मात्र निराळ्या.

या पूर्वेकडील परंपरेत तीन दिवसांचा एक जुना उपवास आहे. ईस्टरपूर्वीचा महाउपवास सुरू होण्याच्या सुमारे तीन आठवडे आधी, सोमवार ते बुधवार तो पाळतात. केरळात त्याला ‘मून्नु नोंबु’ म्हणतात. कोट्टायम जिल्ह्यातील कुरविलंगाड येथे या दिवसांत लाकडी जहाजाची मिरवणूक निघते. हे जहाज योना या संदेष्ट्याचे. निनवे नगराने केलेल्या पश्चात्तापाची आठवण म्हणून हा उपवास आहे. मात्र योनाच्या कथेचे मर्म नगराच्या पश्चात्तापात जितके आहे, तितकेच संदेष्ट्याच्या रागात आहे.

बायबलमधील योनाचे पुस्तक अवघ्या चार अध्यायांचे आहे. निनवेला जाऊन इशारा दे, अशी आज्ञा होताच योना उलट दिशेचे जहाज पकडतो. वादळ, माशाचे पोट, सुटका आणि अखेर निनवेत घोषणा, हा भाग सर्वांच्या परिचयाचा आहे. राजापासून प्रजेपर्यंत सारे अनुतापाने गोणपाट नेसतात, हिंसेचा मार्ग सोडण्याचा हुकूम निघतो आणि देव शिक्षा मागे घेतो. येथे संदेष्ट्याने आनंदित व्हायला हवे; पण तो संतापतो. तू दयाळू आहेस हे ठाऊक होते, म्हणूनच मी पळालो, असे तो देवाला सुनावतो आणि मरण मागतो.

या रागाला कारण होते. निनवे हे अश्शूर साम्राज्याचे नगर. याच साम्राज्याने पुढे इ.स.पू. ७२२ च्या सुमारास इस्राएलचे उत्तरेकडील राज्य नष्ट केले. ज्यांनी हे पुस्तक प्रथम ऐकले, त्यांच्या कानी ‘निनवे’ हा शब्द जुलमाचाच पर्याय होता. जुलूम करणाऱ्याला क्षमा मिळते आणि सोसणाऱ्याच्या वाट्याला जखमच उरते, ही योनाची तक्रार आजच्या कोणाही पीडिताची असू शकते.

ईयोबाचा राग याहून वेगळा. निर्दोष असून मलाच हे दुःख का, असे तो विचारतो. योना विचारतो, दोषी असून ते सुटले का? दोघांनाही देव रागाबद्दल शिक्षा करीत नाही. उलट ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटी ठपका येतो तो त्याच्या मित्रांवर. दुःखिताला गप्प बसवून देवाची बाजू मांडणारे ते उपदेशक खरे बोलले नाहीत आणि तक्रार करणारा ईयोब खरे बोलला, असा निर्वाळा देव देतो. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी मोठा भाग विलापाचा आहे, आणि क्रुसावरील येशूनेही त्याच विलापाचे शब्द उच्चारले. त्यामुळे देवाशी भांडणे म्हणजे श्रद्धा सोडणे नव्हे. जो भांडतो तो अजून देवासमोरच उभा असतो. मराठी मनाला हे परके नाही. नामदेव-तुकोबांनी विठ्ठलाला खडसावले, आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी, आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे म्हटले.

योनाच्या रागावर देव युक्तिवाद करीत नाही. उन्हात बसलेल्या त्या माणसावर तो एका वेलीची सावली धरतो, दुसऱ्या दिवशी ती वाळू देतो आणि विचारतो : एका वेलीसाठी तू हळहळतोस, मग या नगरातील एक लाख वीस हजारांहून अधिक अजाण माणसांसाठी मी हळहळू नये काय?

येथे दया म्हणजे अन्यायाकडे डोळेझाक नव्हे. निनवेला आधी हिंसा सोडावी लागली. पण तीच दया रागावलेल्या योनालाही टाळत नाही. घरातील तरुण मुलाच्या अकाली मृत्यूनंतर देवाला बोल लावणाऱ्या आईला ‘असे बोलू नये’ म्हणून दटावणारे ईयोबाच्या मित्रांच्या पंक्तीत बसतात. तिच्याजवळ बसून ते ऐकून घेणे, हेच या कथांना धरून आहे.

लॅटिन परंपरेतही लेंटच्या पहिल्या आठवड्यातील बुधवारी निनवेच्या पश्चात्तापाचे वाचन होते. योनाने अखेरीस काय उत्तर दिले, हे पुस्तक सांगत नाही. ते देवाच्या प्रश्नावरच संपते.