जहाजाच्या पोटात बाहेरची हवा : हवापुरवठ्याच्या पोशाखांची घडण

कोलकात्यात हुगळीच्या पूर्व तीरावर गार्डन रीच हा गोदीचा भाग आहे. येथे १८८४ मध्ये एका छोट्या खासगी कंपनीच्या रूपाने सुरू झालेला जहाजांचा कारखाना भारत सरकारने १९६० मध्ये ताब्यात घेतला. पुढच्याच वर्षी येथे बांधलेली ‘अजय’ ही नौका नौदलाला मिळाली आणि २०१९ मध्ये या गोदीच्या युद्धनौकांची संख्या शंभरावर पोहोचली.

जलावतरणाच्या समारंभात पाहुण्यांना जहाजाची बाहेरची बाजू दिसते. इंधनाच्या, गोड्या पाण्याच्या आणि तोल राखण्यासाठी भरावयाच्या पाण्याच्या टाक्या मात्र तळाशी, पोलादी कप्प्यांत दडलेल्या असतात. त्यांत उतरण्याचे तोंड पुष्कळदा लंबवर्तुळाकार असते, साधारण ६०० मिलिमीटर लांब आणि ४०० मिलिमीटर रुंद. जोडकाम, साफसफाई आणि रंगकाम करणाऱ्या कामगारांना या तोंडातून आत जावे लागते. जगातील कोणत्याही गोदीत याला पर्याय नाही.

हवा बिघडते कशी?

अशा टाकीत विष बाहेरूनच यावे लागते असे नाही. बंद टाकीतील ओलसर पोलाद गंजते आणि गंजताना हवेतील प्राणवायू शोषून घेते. वेल्डिंगच्या वेळी सांध्याभोवती सोडलेला आरगॉन वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. रंगातील द्रावकांची वाफ गुंगी आणते, शिवाय ती पेट घेते. साचलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास सर्वांच्या परिचयाचा आहे. पण प्रमाण वाढले की तो वास ओळखण्याची शक्तीच बधिर करतो, आणि वास गेला म्हणजे वायू गेला असा घातक समज होतो.

प्राणवायूची कमतरता त्याहून फसवी असते. शुद्ध हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो, १९.५ टक्क्यांखालची हवा कमतरतेची मानली जाते. माणसाला जीव घुसमटल्याची जाणीव होते ती शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे, प्राणवायू घटल्यामुळे नव्हे. आरगॉनने भरलेल्या कप्प्यात शिरलेल्या माणसाचा कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासावाटे नेहमीप्रमाणे बाहेर पडत राहतो. त्यामुळे त्याला कसलाच त्रास जाणवत नाही आणि एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते.

मुंबईच्या माझगाव गोदीत बांधल्या जात असलेल्या आणि पुढे ‘कोलकाता’ हे नाव धारण केलेल्या विनाशिकेवर ७ मार्च २०१४ रोजी यंत्रांची चाचणी सुरू होती. आग विझविण्याच्या यंत्रणेतून कार्बन डायऑक्साइड सुटला आणि नौदलाच्या एका कमांडरचा मृत्यू झाला. जहाजाच्या रक्षणासाठी ठेवलेला वायूच बंदिस्त जागेत प्राणघातक ठरला.

गाळणीचा मुखवटा येथे निरुपयोगी असतो. गाळणी विष अडवू शकते. नसलेला प्राणवायू ती निर्माण करू शकत नाही. म्हणून श्वासाची हवा बाहेरून न्यावी लागते.

धुराच्या टोपापासून पाणबुड्यापर्यंत

ही कल्पना जुनी आहे, आणि तिचे मूळ जहाजावरील आगीशी जोडलेले आहे. इंग्लंडमधील चार्ल्स डीन यांनी १८२३ मध्ये धुराने भरलेल्या जागेत शिरण्यासाठी तांब्याच्या टोपाचे पेटंट घेतले. बाहेरून भात्याने नळीवाटे हवा पुरवावयाची, अशी ती योजना होती. आगीच्या कामी तिला फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही. मात्र तोच टोप पुढे पाण्याखाली उपयोगी पडला आणि त्यातून पाणबुड्यांचा पोशाख घडत गेला.

आकडे काय सांगतात?

आजच्या पोशाखात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात. शिवणीत बारीक छिद्र पडले तरी हवा आतून बाहेर जाते, विष आत येत नाही. त्यासाठी प्रवाह अखंड हवा. अमेरिकी नियमांनुसार सैल टोपाच्या साधनाला मिनिटाला किमान १७० लिटर हवा मिळावी लागते. कष्टाचे काम करणारा माणूस याहून बरीच कमी हवा श्वासात घेतो. उरलेली हवा उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड वाहून नेते आणि अंगाला थोडा गारवा देते.

पाठीवर नळकांडे का बांधू नये, याचे उत्तर याच हिशेबात आहे. ६.८ लिटरच्या आणि ३०० बार दाबाच्या नळकांड्यात सुमारे दोन हजार लिटर हवा मावते. श्वासागणिक हवा देणाऱ्या मुखवट्याला ती अर्धा-पाऊण तास पुरते. अखंड प्रवाहाच्या पोशाखात मात्र बारा मिनिटांत संपते. शिवाय पाठीवर नळकांडे घेऊन ४०० मिलिमीटरच्या तोंडातून आत जाणे अवघड आणि शुद्ध हरपलेल्या माणसाला तसे बाहेर काढणे त्याहून अवघड. म्हणून नळी आली, आणि नळीबरोबर तिच्या अडचणीही आल्या. त्याच नियमांत नळीची कमाल लांबी ३०० फूट, म्हणजे सुमारे ९१ मीटर ठरविली आहे. आत गेलेल्या माणसाला आल्या वाटेनेच परतावे लागते आणि नळी पोलादी कडांवर घासते.

नळीच्या दुसऱ्या टोकाकडे दुर्लक्ष होण्याचा धोका अधिक आहे. दाबयंत्र डिझेल इंजिनाच्या धुराजवळ ठेवले, तर कार्बन मोनॉक्साइड थेट टोपात पोहोचतो. यंत्र तापून त्यातील तेल जळू लागले तरी तेच घडते. अमेरिकेत श्वसनाच्या हवेत या वायूचे प्रमाण दहा लाखांत १० भागांपेक्षा जास्त चालत नाही. गोदीत हवा, प्राणवायू आणि आरगॉन यांच्या नळ्या शेजारी शेजारी धावतात. श्वसनाच्या नळीचे तोंड इतर कोणत्याही नळीला बसणारच नाही, असे घडवावे लागते. सूचनाफलकापेक्षा हा उपाय भरवशाचा. शुद्ध प्राणवायू देणे तर आगीलाच आमंत्रण ठरते.

कापडाचा प्रश्न कामाप्रमाणे बदलतो. रंगकाम करणाऱ्याला द्रावक न झिरपणारे आवरण लागते. वेल्डरच्या ठिणग्यांपुढे तेच प्लास्टिक वितळते. हवेने फुगलेला पोशाख अरुंद तोंडातून जाताना अडतो. एकच पोशाख सर्वांना पुरेल, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

यात कोलकात्याच्या हवामानाची भर पडते. मे महिन्याच्या दमट उकाड्यात बंद पोशाखातील घाम सुकत नाही आणि अंगाची उष्णता आतच कोंडते. यावर ‘व्होर्टेक्स नळी’ हा उपाय वापरतात. फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज रांक यांनी १९३० च्या दशकात शोधलेल्या या नळीत दाबाची हवा भोवऱ्यासारखी फिरते. एका टोकातून गरम आणि दुसऱ्यातून गार हवा बाहेर पडते. तिच्यात एकही हलता भाग नाही. मात्र ती हवा फार खाते, त्यामुळे दाबयंत्र मोठे लागते.

महाराष्ट्रात तारापूरच्या अणुवीज केंद्रात २००५ आणि २००६ मध्ये सुरू झालेल्या जड पाण्याच्या दोन अणुभट्ट्यांमुळे या पोशाखांची आणखी एक गरज समजते. अशा भट्ट्यांतील जड पाण्यात ट्रिटियम तयार होतो. त्याची बाष्परूप संयुगे फुप्फुसांबरोबरच त्वचेतूनही शरीरात शिरतात, म्हणून केवळ मुखवटा पुरत नाही. हवा खेळविलेले पूर्ण अंगाचे प्लास्टिकचे पोशाख या कामासाठीच वापरले जातात.

दोरी धरणारा माणूस

हवा अचानक थांबली तर काय? जीवघेण्या वातावरणात नळीसोबत कमरेला पाच-दहा मिनिटांचे छोटे नळकांडे आवश्यक मानले जाते. ते केवळ बाहेर पडण्यासाठी असते. आणि तोंडाशी एक माणूस उभा हवा. १९४८ च्या कारखाना अधिनियमातील कलम ३६ ने हवा तपासल्याचा लेखी दाखला तरी मागितला होता, किंवा श्वसनयंत्र आणि दोरी बांधलेला पट्टा, ज्याचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती असेल. या अधिनियमाची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहितेने घेतली आहे.

दोरीचे महत्त्व अमेरिकेतील एका पाहणीने दाखवून दिले होते. तेथील व्यावसायिक सुरक्षा संस्थेने १९८६ मध्ये नोंदविले की, बंदिस्त जागांतील मृतांत ६० टक्क्यांहून अधिक लोक दुसऱ्याला वाचविण्यासाठी आत उतरलेले होते. सहकारी कोसळलेला पाहून माणूस विचार न करता उडी घेतो. दोरी असेल तर त्याला आत जावे लागत नाही.

गोदीच्या कुंपणाबाहेर कोलकात्यातच कुदघाट येथे फेब्रुवारी २०२१ मध्ये चार, तर बानतला येथील चर्म संकुलात फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन कामगार गटारात मृत्युमुखी पडले. हाताने मैला सफाईवर बंदी घालणाऱ्या कायद्याच्या २०१३ च्या नियमांत सुरक्षासाधनांची लांबलचक यादी आहे आणि तिच्यात नळीने हवा पुरविणाऱ्या श्वसनयंत्राचा स्पष्ट उल्लेख आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारातील मृत्यूसाठी भरपाई ३० लाख रुपये केली. दाबयंत्र, नळी आणि वायुमापक यांना इतका खर्च येत नाही.

समुद्रावरील जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय नियम आता अधिक काटेकोर झाले आहेत. १ जानेवारी २०१५ पासून बंदिस्त जागेत शिरण्याची आणि सुटकेची कवायत दर दोन महिन्यांनी सक्तीची झाली. १ जुलै २०१६ पासून प्राणवायू, ज्वालाग्राही वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड मोजणारे हातातील यंत्र जहाजावर ठेवणेही बंधनकारक झाले. टाकीचे झाकण उघडल्यावर पोशाखाआधी हे यंत्र आत सोडले जाते, आणि ते वरच्या, मधल्या व तळाच्या अशा तिन्ही थरांत फिरवावे लागते.