तीस वर्षे एकाच सभागृहात

भूषण गवई यांनी १४ मे २०२५ रोजी देशाच्या सरन्यायाधीशपदाची शपथ घेतली, तेव्हा त्यांचे वडील रा. सू. गवई यांचे स्मरण प्रामुख्याने माजी राज्यपाल म्हणून झाले. दादासाहेब गवई यांची खरी ओळख त्याआधीच्या तीन दशकांत घडली होती. अमरावती जिल्ह्याच्या दर्यापूर तालुक्यातील दारापूर या खेड्यात १९२९ मध्ये जन्मलेले गवई १९६४ ते १९९४ अशी सलग तीस वर्षे महाराष्ट्र विधान परिषदेचे सदस्य होते.

दीर्घ संसदीय कारकीर्द म्हटली की अमेरिकेतील जॉन डिंगेल यांचे नाव निघते. ते १९५५ पासून २०१५ पर्यंत मिशिगनमधून प्रतिनिधीगृहात होते. त्यांच्यामागे हक्काचा मतदारसंघ आणि बलाढ्य पक्ष होता. गवईंजवळ यातील काहीच नव्हते. १९५७ मध्ये स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष काही वर्षांतच फुटू लागला आणि त्यातील एका गटाला पुढे गवईंचेच नाव चिकटले.

अशा नेत्याला विधान परिषदेचा आधार का वाटावा, हे तिच्या रचनेवरून कळते. हे सभागृह विसर्जित होत नाही. सदस्याची मुदत सहा वर्षांची असते आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. ७८ पैकी ३० जागा आमदारांच्या मतांनी, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांतून भरतात. शिक्षक व पदवीधरांच्या प्रत्येकी सात आणि राज्यपालनियुक्त बारा. विखुरलेली मते असलेल्या पक्षाला येथे मोठ्या पक्षाशी समझोता करूनच प्रवेश मिळतो. गवईंनी काँग्रेसशी जुळवून घेतले, त्याबद्दल स्वकीयांची टीकाही सोसली. ती टीका अगदीच निराधार नव्हती. पण एकट्याने लढून त्या काळात काय हाती लागले असते, हाही प्रश्न आहेच.

१९६८ मध्ये ते उपसभापती झाले. सभापतिपदी तेव्हा रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे होते. १९७८ मध्ये पागे यांच्यानंतर गवई सभापती झाले. त्याच वर्षी २७ जुलैला दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. विद्यापीठाचा नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. गवईंची परिषदेतील कारकीर्द त्याच वर्षी संपली. मधल्या काळात ते विरोधी पक्षनेतेही होते.

लोकसभेत मात्र ते एकदाच पोहोचले. १९९८ मध्ये काँग्रेसशी झालेल्या युतीत रिपब्लिकन नेते एकत्र आले आणि चौघे निवडून आले : अमरावतीतून गवई, शेजारच्या अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि उत्तर मध्य मुंबईतून रामदास आठवले. चारही जागा सर्वसाधारण होत्या, हे विशेष. पुढच्या वर्षी ऐक्य ओसरले. आंबेडकरांनी अकोला राखले, अमरावतीत मात्र शिवसेनेचे अनंत गुढे यांनी गवईंचा पराभव केला. मतदारसंघ पुनर्रचनेनंतर २००९ पासून अमरावती अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. तोवर गवई निवडणुकीच्या राजकारणापलीकडे गेले होते.

राज्यसभेनंतर २००६ मध्ये बिहारचे आणि २००८ मध्ये केरळचे राज्यपालपद त्यांच्याकडे आले. केरळात लवलीन प्रकरणी मार्क्सवादी पक्षाचे राज्य सचिव पिनराई विजयन यांच्यावर खटला भरण्यास त्यांनी जून २००९ मध्ये परवानगी दिली, तीही राज्य मंत्रिमंडळाचा सल्ला बाजूला ठेवून. आयुष्यभर तडजोडीचे राजकारण केलेल्या नेत्याचा हा निर्णय अनेकांना अनपेक्षित होता. विजयन यांना विशेष न्यायालयाने २०१३ मध्ये दोषमुक्त केले आणि २०१६ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. गवई यांचे २५ जुलै २०१५ रोजी नागपुरात निधन झाले.