थर्मल घेताना घामाचा विचार

डिसेंबर उजाडला की पुण्या-मुंबईचे ट्रेकर उत्तराखंडकडे निघतात. त्यातल्या अनेकांचा बर्फातला पहिला डोंगर केदारकंठा असतो, उंची सुमारे १२,५०० फूट. निघण्याआधी जाडजूड जॅकेटसाठी चार दुकानं पालथी घातली जातात. त्या जॅकेटच्या आत काय घालायचं, हा प्रश्न मात्र घरातल्या सुती बनियनवर किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातल्या मिळेल त्या ‘थर्मल’वर मिटतो.

आणि थंडी वाजते ती बहुधा तिथेच, अंगालगतच्या कपड्यापाशी. पहाटेच्या अंधारात चढ सुरू होतो. अर्ध्या तासात जॅकेटच्या आत घामाच्या धारा लागतात. पुढे कुठेतरी खांदा लागतो, वारं सुटतं, माणूस दम खायला थांबतो आणि पाचेक मिनिटांत दात वाजू लागतात.

कारण साधं आहे. कोरड्या कापडाच्या धाग्यांमध्ये हवा अडकलेली असते आणि हवा उष्णता सहजासहजी पुढे जाऊ देत नाही. त्या हवेची जागा पाण्याने घेतली की चित्र पालटतं, कारण पाणी हवेच्या जवळपास पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. शिवाय घाम वाळताना शरीराचीच ऊब घेतो. अर्धा पेला, म्हणजे १०० मिलिलिटर घाम अंगावर वाळायला सुमारे ५८ किलोकॅलरी लागतात. साठ किलोच्या माणसाचं शरीर त्या वेळात नवी उष्णता तयारच करत नसतं, तर एवढ्यावर त्याचं तापमान एक अंशाने उतरलं असतं. मे महिन्यात नागपूरला हीच सोय जीव वाचवते. बर्फात ती जिवावर बेतू शकते.

तेव्हा अंगालगतच्या कपड्याने ऊब द्यावी ही अपेक्षाच थोडी चुकीची. ते काम वरच्या फ्लीसचं, स्वेटरचं. आतल्या कपड्याने घाम त्वचेवरून उचलून बाहेरच्या थराकडे ढकलावा, एवढं पुष्कळ झालं.

सूत नेमकं इथे नापास होतं. पाण्याशी त्याचं इतकं जमतं की भिजलेला सुती बनियन अंगाला चिकटून बसतो आणि थंड हवेत तासन्‌तास वाळत नाही. दुकानात ‘थर्मल’ म्हणून मिळणारे बरेच कपडेही सूत आणि पॉलिएस्टर मिसळून केलेले असतात. घरात, लोकलमध्ये किंवा महाबळेश्वरच्या थंडीत ते छान चालतात. पाठीवर सॅक घेऊन चढणाऱ्याने मात्र लेबल उलटून वाचावं आणि त्यावर ‘कॉटन’ हा शब्द दिसला की कपडा परत ठेवावा, मग तो हाताला कितीही मऊ लागो.

पॉलिएस्टरचा धागा स्वतः जवळजवळ पाणी पीतच नाही, वजनाच्या अर्धा टक्काही नाही. घाम धाग्यांमधल्या फटींतून पसरतो आणि लवकर उडतो. कपडा टिकाऊ, स्वस्त आणि रात्रीतून वाळणारा. दोष दोन. दुसऱ्या दिवशी त्याचा वास तंबूतल्या सोबत्यांना सहन करावा लागतो आणि शेकोटीची ठिणगी पडली तर तो वितळून कातडीला चिकटतो.

मेरिनो मेंढीच्या लोकरीचं वागणं निराळं. तिचा तंतू आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प पोटात घेतो, तरी कपडा हाताला ओला लागत नाही. चार दिवस घातला तरी वास फारसा येत नाही. लोकर म्हटलं की घोंगडीची टोचणी आठवणाऱ्यांनी धास्ती घेऊ नये. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतूंची टोकं न वाकता त्वचेत रुततात, म्हणून खाजतं. दख्खनी मेंढीची लोकर अशी राठ असते, तर आतल्या कपड्यांसाठी वापरलेली मेरिनो बहुधा १७ ते १९ मायक्रॉनची असते. तिची किंमत मात्र टोचते. शिवाय पातळ कपड्याला सॅकच्या पट्ट्याखाली भोकं पडतात आणि कपाटात कसर लागते.

पण मेरिनोही जादू नव्हे. १९११च्या अंटार्क्टिक हिवाळ्यात कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेतले तिघे, विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड, एम्परर पेंग्विनची अंडी आणायला केप क्रोझियरला निघाले. तापमान उणे ६० अंशांपर्यंत उतरलं. अंगात लोकरीचेच कपडे होते, तरी घसरगाडी ओढताना आलेला घाम बाहेर पडण्याआधी कपड्यातच गोठायचा. एका सकाळी चेरी-गॅरार्ड तंबूबाहेर आला, त्याने मान वर करून पाहिलं आणि कपडे तसेच कडक झाले. पुढचे चार तास त्याने मान वर ठेवूनच गाडी ओढली. तेव्हापासून तिघेही बाहेर पडताच गाडी ओढण्यासाठी वाकून उभे राहत, म्हणजे कपडे गोठले तरी त्याच सोयीच्या आकारात गोठावेत!

त्या टोकाची थंडी केदारकंठ्यावर नसते, पण घाम आवरण्याची गरज तीच. चढ सुरू करताना किंचित थंडी वाजत असेल तर उत्तम, दहा मिनिटांत ती जाते. घाम फुटण्याआधी जॅकेट काढावं आणि थांबल्यावर लगेच चढवावं. हा कंटाळवाणा उद्योग बहुतेक जण टाळतात.

जाडीचंही तसंच. कापडाचं वजन दर चौरस मीटरला किती ग्रॅम, ते ‘जीएसएम’मध्ये लिहितात. सतत चालणाऱ्याला १५० पुरतं. २५० चा कपडा बसून राहणाऱ्याचा, म्हणजे पक्षी टिपायला पहाटे दबा धरून बसलेल्या छायाचित्रकाराचा किंवा तंबूत झोपणाऱ्याचा. मापात तो अंगाबरोबर बसावा. सैल असेल तर घाम उचलला जात नाही आणि करकचून बसला तर हालचाल अडते. कमरेला मात्र लांबी हवी, नाहीतर बुटांची नाडी बांधायला वाकलं की सॅकखाली पाठ उघडी पडते.

पैसे मोजकेच असतील तर चढण्यासाठी पॉलिएस्टरचा एक पातळ जोड घ्यावा आणि झोपण्यासाठी दुसरा, जरा जाड. हा दुसरा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या तळाशी ठेवावा आणि तंबूत शिरल्यावरच काढावा. दिवसभराच्या घामट कपड्यांत स्लीपिंग बॅगमध्ये शिरलं, तर ती ओल पिसांच्या अस्तरात जाऊन बसते आणि बॅगची ऊब रात्रीगणिक कमी होत जाते.