कोच : मैदानाबाहेरचा आठवा खेळाडू

मित्रमैत्रिणींनो, "पुढे काय करणार?" या प्रश्नाला आपल्यापैकी कुणी "कोच होणार" असं उत्तर दिलेलं ऐकलंय का? सॉफ्टवेअर, एम.बी.ए., एम.पी.एस.सी. ही उत्तरं आपल्याला पाठ आहेत. कोच मात्र यादीतच नसतो! त्यातून मुलींच्या संघाचा कोच म्हणजे पी.टी.च्या सरांना स्पर्धेच्या आठवडाभर आधी मिळणारं जादा काम, असाच आपला समज. अमेरिकेत कितीतरी विद्यापीठांत मुलींच्या आइस हॉकी संघालासुद्धा पूर्णवेळ, पगारी कोच असतो. आपल्याकडे बर्फ नाही, पण कबड्डी आहे ना! म्हणून आज एका कबड्डी कोचची ओळख करून घेऊ.

दिवस २४ ऑगस्ट २०१८, ठिकाण जकार्ता. आशियाई स्पर्धेतली महिला कबड्डीची फायनल, भारत विरुद्ध इराण. २०१० साली महिला कबड्डीचा या स्पर्धेत समावेश झाला. २०१० आणि २०१४, दोन्ही वेळा गोल्ड भारताचंच. २०१४ च्या फायनलमध्ये तर इराणलाच हरवलं होतं. पण या वेळी इराण २७-२४ असा जिंकला! आणि इराणच्या कोच कोण होत्या, माहितीय? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. समोर भारतीय संघात महाराष्ट्राच्याच सायली केरिपाळे आणि सोनाली शिंगटे होत्या.

काहींना वाटेल, आपल्याच देशाला हरवलं, यात कौतुक कसलं? पण जरा विचार करा. जैन मॅडमनी नाशिकला अनेक वर्षं मुलींना कबड्डी शिकवली. भारतीय संघाची जबाबदारी मात्र त्यांच्याकडे आली नाही. मग इराणने बोलावलं, तेव्हा त्या गेल्या. आपण चांगल्या कोच आहोत हे सिद्ध करायचं होतं, असं त्यांनी जिंकल्यावर पत्रकारांना सांगितलं. ज्या कोचची किंमत आपल्याला कळली नाही, ती दुसऱ्याला कळली. मग चूक कुणाची?

तिकडे सगळं सोपं नव्हतं. भाषा फारसी, आणि मॅडम शुद्ध शाकाहारी! त्यांनी कामापुरती फारसी शिकून घेतली आणि सरावात योगासनं व प्राणायाम आणले. आता कबड्डीत प्राणायामाचं काय काम, असं विचाराल. एक चढाई ३० सेकंदांची असते. तेवढ्या वेळात दम न सोडता "कबड्डी कबड्डी" म्हणायचं, समोरच्या सात जणींवर नजर ठेवायची, बोनस घ्यायचा की परत फिरायचं हे ठरवायचं. श्वास ताब्यात नसेल तर डोकंही ताब्यात राहत नाही.

कोचचं खरं काम हेच आहे. ताकद खेळाडूची असते, पण ती कुठे आणि कधी लावायची ते कोच बघतो. डाव्या कोपऱ्यात कोण, साखळी कुणाची, दोन गुणांनी पुढे असताना चढाईला कुणाला पाठवायचं, हे सगळं त्याने ठरवायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर पार्ट्स तेच, डिझाइन वेगळं!

आता प्रॅक्टिकल गोष्ट. कोच व्हायला काय लागतं? नुसतं खेळता येणं पुरत नाही. पटियाळाला १९६१ पासून राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे. तिचा कोचिंगचा डिप्लोमा या क्षेत्रात सगळीकडे मानला जातो. त्यांचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही असतो. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं तर बी.पी.एड. करावं लागतं. त्यासाठी फार लांब जायला नको, अमरावतीला १९१४ साली स्थापन झालेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहेच.

हे सगळं मी का लिहितेय? कारण मी अर्जुनी मोरगावची. आमच्याकडे धान कापून बांध्या रिकाम्या झाल्या, की गावोगावी मंडई भरते आणि कबड्डीचे सामने रंगतात. आमच्या पोरी कमी नाहीत. बांधीत दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या पोरींना स्टॅमिना शिकवावा लागत नाही! पण बहुतेकींचा खेळ बारावीच्या आतच थांबतो. गोंदियाला सामन्याला सोबत कोण नेणार, रात्री परत कशी येणार, या प्रश्नांपाशी घरचे अडतात. अशा वेळी घरी येऊन "काकू, मी आहे ना सोबत, पाठवा तिला" असं म्हणणारी एखादी कोच ताई गावात असेल, तर अर्धी मॅच तिथेच जिंकली!

तेव्हा मैत्रिणींनो, खेळणं सुटलं म्हणून खेळच सोडायची गरज नाही. पुढच्या वेळी कुणी "पुढे काय?" विचारलं, तर यादीत हे उत्तरही असू द्या. आणि कॉलेजनेही मुलींच्या संघाला वर्षभराचा कोच द्यावा, फक्त स्पर्धेच्या आठवड्यापुरता नको. नाहीतर आपले कोच असेच दुसऱ्यांना गोल्ड मिळवून देत राहतील, आणि आपण टी.व्ही.समोर बसून हळहळत राहू!