नाचून पोट भरते काय?

गौरीच्या जागरणाची रात्र. आमच्या लांज्याच्या घरापुढच्या अंगणात जाखडी रंगात आली होती. मधोमध ढोलकी, झांज आणि गाणारे बुवा. भोवती फेर धरलेले गडी, एका पायात चाळ. माझे थोरले बंधू साठी ओलांडलेले. पण पाऊल असे पडत होते, की विशीतल्या पोरांनी बघत राहावे. चहासाठी फेर थांबला आणि पुण्याहून आलेल्या त्यांच्या मुलाने हळूच सांगून टाकले, "बाबा, मी कंपनी सोडतोय. साल्साचा क्लास काढणार आहे."

कपाळावरचा घाम पुसता पुसता बंधू म्हणाले, "नाचून पोट भरतं काय?"

ज्या घरात मध्यरात्रीपर्यंत नाच चालतो, त्याच घरात हा प्रश्न निघावा, याचे मला नवल वाटले. मग वाटले, तो इथेच निघायचा. आमच्याकडे नाचाला कोणी नाव ठेवत नाही. पण नाच हा पोट भरल्यावर करायचा, पोटासाठी नव्हे.

जाखडीला बाल्या नाचही म्हणतात. चाकरमान्यांबरोबर ती मुंबईला गेली. गिरणगावात शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या झडू लागल्या. परळचे १९२२ साली उभे राहिलेले दामोदर नाट्यगृह म्हणजे कोकणी लोककलेचे हक्काचे घर. २०२३ मध्ये ते पुनर्विकासासाठी बंद झाले. बारीला तिकीट असे, पण आलेला पैसा भाडे, पोशाख आणि वादक यांतच संपे. रात्री टाळ्या घेतलेला गडी सकाळी गिरणीच्या पाळीवर हजर. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबत गेले, तेव्हा आमच्या ओळखीतले कितीतरी उत्तम नाचणारे गावी परतले. पायातली कला त्यांना महिन्याचा पगार देऊ शकली नाही.

पुतण्या ज्या नाचामागे लागला आहे, त्याची कुळकथाही फार निराळी नाही. टँगो अर्जेंटिना-उरुग्वेच्या बंदरांतल्या गरीब वस्त्यांत वाढला. क्यूबा आणि पोर्तो रिकोहून न्यूयॉर्कला पोटासाठी गेलेल्यांनी आपले ताल बरोबर नेले; त्यांतूनच पुढे साल्सा आकाराला आला. तेही एका परीने चाकरमानीच. मग त्यांच्या नाचाचा जगभर धंदा झाला आणि आमचा अंगणातच का राहिला?

उत्तर मला न्यूयॉर्कच्या एडी टोरेस यांच्या गोष्टीत सापडले. हा माणूस रस्त्यावर आणि क्लबांत बघून बघून नाच शिकला. पुढे टिटो पुएंतेंच्या वाद्यवृंदाबरोबर नाचला. पण शिकवायचे कसे, हे त्यांना उमगत नव्हते. जून लाबर्टा या शिक्षिकेने त्यांना पावले मोजायला लावली, पावलांना नावे द्यायला लावली. एक-दोन-तीन, थांबा, पाच-सहा-सात, थांबा. पाऊल मोजता आले, म्हणून ते अनोळखी माणसाला शिकवता आले; शिकवता आले, म्हणून त्याची फी घेता आली. त्याच्या कितीतरी आधी, १९२० च्या दशकात, आर्थर मरे यांनी पावलांचे ठसे छापून नाचाचे धडे टपालाने विकले होते. या नाचांचा व्यवसाय केवळ बघणाऱ्यांच्या तिकिटावर नव्हे, तर शिकणाऱ्यांच्या फीवर उभा राहिला.

आपल्याकडेही संदीप सोपारकर यांनी मुंबईत बॉलरूम आणि लॅटिन नाचाला पूर्णवेळ व्यवसाय केले. २००६ साली 'झलक दिखला जा' दूरदर्शन संचावर आले, तेव्हा चा-चा-चा, रुंबा ही नावे लांज्याच्या ओटीवरही पोहोचली.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने वही काढली. महिना पंधराशे रुपये फी, वीस विद्यार्थी, म्हणजे तीस हजार. त्यातून सभागृहाचे तासाचे भाडे, स्पीकर, जाहिरात. पावसाळ्यात आणि परीक्षांच्या दिवसांत संख्या निम्म्यावर येणार, हेही त्याने मांडले होते. ती तूट लग्नसराईत, संगीताच्या कार्यक्रमाचे नाच बसवून भरायची. जोडीने नाचायचे म्हटल्यावर मुलींचे आईवडील बिचकतात. म्हणून पहिला तास पालकांसमोर, दार उघडे ठेवून.

बंधूंनी सगळे ऐकले. "आणि गुडघा गेला म्हणजे?"

"म्हणून तर स्वतः नाचण्यापेक्षा शिकवायचं, बाबा. हाताखाली शिक्षक तयार करायचे."

"पहिलं वर्ष तुटीत गेलं तर?" याला मात्र उत्तर नव्हते. सहा महिन्यांचा खर्च निघेल एवढी शिल्लक आहे, एवढेच तो म्हणाला. बापाची चिंता खोटी नव्हती. भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणाची भरपगारी रजा नाही. पण गिरणीतली कायमची नोकरीही कायमची ठरली नव्हती, हे त्या घरात कुणाला सांगायला नको.

मग पुतण्याने उलटा प्रश्न केला, "तुम्हाला जाखडी कुणी शिकवली?"

"शिकवतंय कोण? बघून आली."

"मला बघून येत नाही. मी गावात राहिलोच कुठे?"

बंधू गप्प झाले. काल फेरात पोरे किती कमी होती, हे त्यांनीही पाहिले होते. सणाला चार दिवस येणाऱ्या मुलांना बघून शिकायला वेळ कुठला? थोड्या वेळाने ते उठले, अंगणात गेले आणि एक पाऊल सावकाश टाकून दाखवले. पुतण्या पाठोपाठ ओठांतल्या ओठांत मोजू लागला. चार वेळा चुकला. पाचव्या वेळी जमले.

क्लास चालेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण आमच्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी जाखडी शिकवली, हे मी पाहिले. बंधू ओटीवर टेकत म्हणाले, "तुझ्या त्या क्लासात हेही शिकव. आणि माझी पहिली फी चुकती कर!"