तान्ह्या लेकराला विमानात बसवायचे कसे?

मंडळी, कळमेश्वरच्या एका घरी झालेले बोलणे आधी सांगतो. घर संत्र्याच्या बागाइतदाराचे. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली. नातू आता आठ महिन्यांचा. जावई अमेरिकेत नोकरीला, तेव्हा लेकीला लेकरासह परत जायचे. आधी नागपूरहून मुंबई, आणि मग तिथून पंधरा-सोळा तासांचे लांब उड्डाण. तिकीट काढणाऱ्याने फोनवर विचारले, "बाळाला मांडीवर घेणार की वेगळी जागा हवी?"

आजी लगेच म्हणाली, "मांडीवरच घेईन न ते! त्यात काय विचारायचं जी? पाच लेकरं मांडीवरच वाढवली म्या." आबाजींनी वेगळ्या जागेचे पैसे विचारले आणि आकडा ऐकून म्हणाले, "एवढ्याशा जिवाले अख्खी खुर्ची?" लेक मात्र गप्प होती. पुढे चार दिवस घरात हाच विषय. आज हा प्रश्न एका घरापुरता राहिलेला नाही. गावोगावची मुले दूर देशी गेली आहेत, नातवंडे विमानातून येतात-जातात. म्हणून जरा नीट बसून त्याचा विचार करू.

प्रथम नियम काय तो पाहू. दोन वर्षे पुरी न झालेल्या मुलाला वेगळी जागा घेतलीच पाहिजे अशी सक्ती आपल्याकडे नाही, आणि इतर बहुतेक देशांतही नाही. एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच मूल बसू शकते. त्याचे शुल्क थोडे असते. परदेशी मार्गांवर साधारणपणे मोठ्या तिकिटाचा दहावा हिस्सा. वय मोजतात ते प्रवासाच्या दिवशीचे. जाताना लेकरू तेवीस महिन्यांचे आणि परतताना पंचवीस महिन्यांचे, तर परतीला त्याची स्वतःची जागा घ्यावी लागते. पुष्कळ लोक इथे फसतात. जुळी असली आणि आई एकटी असली, तर एक मांडीवर आणि दुसऱ्याला जागा, दुसरा मार्ग नाही.

आता आजीबाईंच्या म्हणण्याकडे वळू. आईची मांडी ही लेकराची सर्वांत चांगली जागा, हे घरात खरे. सुखाने उडणाऱ्या विमानातही खरे. पण एस.टी.तून जाताना ड्रायव्हरने एकाएकी ब्रेक दाबला म्हणजे काय होते, ते आठवा बरे. उभी माणसे पुढे फेकली जातात, बसलेल्यांचे कपाळ पुढच्या दांडीवर आदळते. गाडी थांबली, पण अंगातला वेग थांबला नाही, म्हणून हे होते. विमान उतरताना त्याचा वेग एस.टी.च्या तिप्पट-चौपट असतो. ते एकदम अडले तर अंगावर वजनाच्या कैक पटींचा ओढा येतो. समजा तो ओढा नऊपट झाला. लेकरू आठ किलोचे. आठ नव्वे बहात्तर. म्हणजे त्या क्षणी आईच्या हातात आठ किलोचे लेकरू नसून बहात्तर किलोचे ओझे असते, आणि तेही सुटून पळणारे. सांगा, कोणत्या आईचे हात ते धरतील? माया कमी पडते असे नव्हे, मनगट कमी पडते. विमानाची खुर्ची मात्र असा ओढा धरूनच बनवलेली असते. नव्या विमानांतील खुर्च्या सोळापट ओढ्यापर्यंत तपासून घेतात.

अपघात फार क्वचित होतात. त्याहून अधिक वेळा येतो तो हवेतला हिसका. विमान अचानक काही हात खाली जाते, आणि पट्टा न बांधलेली वस्तू वरच्या वर राहते, म्हणजे छताला लागते. अशा वेळी झोपी गेलेल्या आईच्या सैल हातातले लेकरू कुठे जाईल, हे मी वेगळे सांगायला नको.

आपल्या सोनेगावच्या विमानतळाची एक जुनी गोष्ट इथे आठवते. १९४९ पासून पुढे कितीतरी वर्षे नागपूर हे रात्रीच्या टपाल-विमानांचे ठाणे होते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारी दिशांची विमाने मध्यरात्री इथे येत, आपापसांत थैल्या बदलून घेत आणि उजाडायच्या आत परत फिरत. विमानात माल भरणाऱ्या कोणालाही विचारा, सुटी थैली तो ठेवीत नाही. जाळी किंवा पट्ट्यांनी आवळूनच ठेवतो. आजही विमान उतरण्यापूर्वी चहाची किटली कपाटात बंद करतात, ढकलगाडी खिळीला लावतात, तुमची पिशवी खुर्चीखाली सारायला लावतात. सुटे राहते ते मांडीवरचे लेकरू.

ही विसंगती ज्यांना उभ्या आयुष्यभर टोचली, अशा एक बाई अमेरिकेत होत्या. त्यांचे नाव जॅन ब्राउन. १९ जुलै १९८९ रोजी डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या एका मोठ्या विमानाचे शेपटाकडचे इंजिन वाटेत फुटले आणि विमान वळवण्याची सारी यंत्रणा निकामी झाली. वैमानिकांनी ते कसेबसे आयोवा प्रांतातल्या सू सिटी येथे उतरवले. आत २९६ माणसे होती, ११२ गेली. जॅन ब्राउन त्या विमानातल्या मुख्य सेविका. मांडीवरची चार लेकरे होती. त्या वेळच्या नियमपुस्तकाप्रमाणे त्यांनी आयांना सांगितले, की लेकरांना खाली पायांशी कपड्यांत गुंडाळून ठेवा आणि धरा. विमान आपटल्यावर काही आयांच्या हातून ती निसटली. एक तर सामानाच्या कप्प्यात सापडले, नशिबाने जिवंत. एक दगावले. त्या लेकराच्या आईने जॅनबाईंना तिथेच गाठले. जॅनबाईंच्याने ते पुढे विसरवले नाही. प्रत्येक लेकराला स्वतःची जागा व स्वतःचा पट्टा असावा, असा कायदा व्हावा म्हणून त्या वर्षानुवर्षे सरकारदरबारी खेपा घालीत राहिल्या. अपघातांची चौकशी करणाऱ्या तिथल्या मंडळानेही १९९० साली तशीच शिफारस केली.

कायदा मात्र झाला नाही, आणि त्याचे कारण ऐकण्यासारखे आहे. आपण म्हणू, कंपन्यांनी अडवले असेल. पण मुख्य कारण वेगळेच निघाले. २००३ साली तिथल्या काही डॉक्टरांनी हिशेब मांडला. सर्व लेकरांना वेगळी जागा सक्तीची केली, तर साऱ्या अमेरिकेत अडीच वर्षांत साधारण एक मूल वाचेल. पण जादा तिकीट परवडत नाही म्हणून शंभरातली पाच-दहा कुटुंबे जरी विमान सोडून मोटारीने निघाली, तरी रस्त्यावर त्याहून अधिक मुले मरतील. कारण रस्ता हा विमानापेक्षा कितीतरी पटींनी धोक्याचा. हा विचार करून विमानखात्याने २००५ साली सांगितले, की आम्ही सक्ती करणार नाही. मात्र वेगळी जागा आणि बालखुर्ची हाच उत्तम मार्ग, असे आमचे आईबापांना सांगणे आहे.

हा हिशेब आपणांसही लागू पडतो. नागपूरहून मुंबईकडे जायला आता समृद्धी महामार्ग आहे, ७०१ किलोमीटरचा. २०२२ च्या डिसेंबरात शिर्डीपर्यंत खुला झाला, ५ जून २०२५ रोजी पुरा झाला. सोयीचा आहे, यात शंका नाही. पण १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ याच रस्त्यावर बस उलटून पेटली आणि पंचवीस माणसे गेली, हे आपल्या नागपूरकडचा माणूस विसरलेला नाही. तेव्हा "लेकराला विमानात जागा नाही घेता येत, मग मोटारीनेच नेऊ" हा विचार उलटा आहे. मांडीवर घेऊन विमानाने जाणे त्यापेक्षा बरे. आगगाडीही चांगली, वेळ असेल तर. (२०२२ च्या मे महिन्यात उत्तर रेल्वेने लखनौ मेलमध्ये खालच्या बाकाला जोडून लेकराची छोटी फळी लावून पाहिली होती. कल्पना कोणाची असेल ती असो, त्याला लेकरांची जाण होती.)

मग त्या बागाइतदाराच्या लेकीने काय करावे? माझे मत सांगतो. मुंबईपर्यंतचा प्रवास दीड तासाचा. तेवढा मांडीवर चालेल. पुढचा लांबचा प्रवास मात्र वेगळी जागा घेऊन, बालखुर्चीत बसवून करावा, पैशाची सोय होत असेल तर. पंधरा तास कोणतीही आई डोळ्यात तेल घालून हात आवळून बसू शकत नाही, आणि हिसका यायचा तो ती डुलकी घेते तेव्हाच यायचा. शिवाय अमेरिकेत लेकराला मोटारीतून न्यायचे तर बालखुर्ची कायद्याने लागतेच. म्हणजे खुर्चीचा खर्च एरवीही होणारच. मात्र ती विमानात चालते असे तिच्यावर छापलेले असले पाहिजे, आणि रुंदीही पाहून घ्यावी, कारण विमानातली साधी बैठक साधारण सतरा इंचांची असते. लेकरू वर्षाच्या आतले असेल तर त्याचे तोंड मागच्या बाजूला येईल अशी बसवतात, म्हणजे ओढा पाठीवर पसरतो आणि नाजूक मान सांभाळली जाते. खुर्ची खिडकीशी लावावी, आपत्कालीन दाराच्या रांगेत कधीच नाही. इतरांची बाहेर पडण्याची वाट तिने अडता कामा नये. तिकीट काढतानाच कंपनीला फोन करून हे सगळे सांगावे.

पैसे नसतील तर? त्यात लाजण्यासारखे काही नाही. तेव्हा मांडी कशी वापरावी ते शिकावे. आपल्याकडच्या विमानात सेविका एक छोटा जादा पट्टा देते. तो आईच्या पट्ट्यात ओवून लेकराच्या पोटाभोवती बांधायचा. दिला नाही तर मागून घ्यावा. एक गोष्ट मात्र कधीही करू नये: आपला एकच पट्टा स्वतःभोवती आणि लेकराभोवती मिळून बांधणे. हिसका बसला की आईचे सारे अंग पुढे येते आणि लेकरू पट्टा व आई यांच्यात चेंगरते. छोट्या पट्ट्याबद्दलही मतभेद आहेत. युरोपात तो आवश्यक मानतात. अमेरिकेत विमान चढताना-उतरताना त्याला बंदी आहे, कारण आईचे अंग लेकरावर दुमडते ही भीती तिथेही आहेच. म्हणून अमेरिकन कंपनीच्या विमानात तो मिळाला नाही, तर भांडू नये. लेकराला छातीशी धरावे, त्याचे डोके खांद्याशी, एक हात पाठीला आणि एक मानेला. हिसक्यापासून मात्र छोटा पट्टा नक्कीच वाचवतो. पोटाशी बांधायच्या झोळीला पट्टा समजू नये.

लांबच्या मोठ्या विमानात पहिल्या रांगेपुढच्या भिंतीला पाळणा अडकवतात. नागपूर-मुंबई मार्गावरच्या लहान विमानांत तो सहसा नसतो. साधारण दहा किलोपर्यंतच्या लेकराला चालतो, कंपनीगणिक थोडा फरक. तो आधीपासून मागावा लागतो. पण हा पाळणा झोपेपुरता. चढताना, उतरताना, आणि पट्टा बांधण्याचा दिवा लागला की झोपलेल्या लेकरालाही उचलून घ्यावे लागते. तेव्हा "पाळणा मिळाला, आता खुर्ची कशाला" असे म्हणता येत नाही. दुसरी एक युक्ती: दारात शिरण्यापूर्वी शेजारची जागा रिकामी आहे का, हे नम्रपणे विचारावे. असली आणि कंपनीची ना नसली, तर फुकटात बालखुर्ची लावता येते.

मांडीवरच घ्यायचे असेल तर खिडकीची जागा घ्यावी. वाटेकडच्या जागेत ढकलगाडीचा कोपरा लेकराच्या पायाला लागतो, गरम चहा डोक्यावरून जातो, आणि वरच्या कप्प्यातली कोणाची तरी पिशवी खाली येते. दोन बहिणी दोन लेकरांसह निघाल्या, तर एकाच तिघांच्या बाकावर बसवत नाहीत. त्याचे कारण असे, की तीन जागांवर प्राणवायूचे मुखवटे बहुधा चारच असतात. तो मुखवटा खाली लोंबला तर आईने आधी स्वतःला लावायचा, मग लेकराला. आजीबाईंना हे पटणार नाही. पण वर उंचावर प्राणवायूवाचून माणूस काही क्षणांतच भान हरपतो. आईच बेशुद्ध पडली तर लेकराला कोण लावणार?

विमान उतरू लागले की लेकरे रडतात, ते कानांच्या दड्यांमुळे. उतरणीच्या सुरुवातीस, म्हणजे जमिनीला लागण्याच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी, अंगावर किंवा बाटलीने पाजावे. गिळले की दडे सुटतात. मात्र भूक राखून ठेवावी लागते, हे आयांना सांगायला नको.

आणि घरापासून सोनेगावपर्यंतचा रस्ता? साऱ्या प्रवासातला तोच अधिक धोक्याचा तुकडा. पुढच्या बैठकीवर मामाच्या मांडीत लेकरू, मागे पाहुणे कोंबलेले, डिकीत संत्र्यांची पेटी, असे आपण निघतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटारीतही मुलांना पट्ट्याने किंवा बालखुर्चीत बसवणे कायद्याने बंधनकारक आहे. खुर्ची घेतलीच आहे, तर ती कळमेश्वरच्या अंगणातच मोटारीच्या मागच्या बैठकीवर बांधावी. लेकराला तिची सवय होते आणि आपल्याला पट्टे ओवायची.

जन्माचा दाखला नगर परिषदेतून वा ग्रामपंचायतीतून आधीच काढून ठेवावा. देशातल्या प्रवासातही वयाचा पुरावा विचारतात. परदेशी जायचे तर लेकराचे स्वतःचे पारपत्र लागते, अगदी महिन्याचे असले तरी.