विहिरीच्या नावाचं शहर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नांदूरघाटच्या आम्हा पोरांसाठी शहर म्हणजे बीड. पुणे-मुंबई भूगोलाच्या पुस्तकात होती. बीडला एसटीनं जाता यायचं. माझे वडील शिवणकाम करायचे. दोरे, अस्तर, बटनं आणायला निघाले की कधी कधी मलाही सोबत न्यायचे. मांजरसुंब्याचा घाट उतरला की पालीचा तलाव लागायचा. तो मागे पडला की वडील खिडकीतून बोट दाखवायचे आणि दरवेळी तेच वाक्य म्हणायचे, "इधर खजाना बावडी है." बसमधून मला ती बावडी एकदाही दिसली नाही. पण शहराच्या आधी पाणी येतं, हा क्रम मनात पक्का बसला.

पुढं कळलं की या गावाचं नावच पाण्यावरून पडलं असं सांगतात. जुनं नाव चंपावती. चौदाव्या शतकात महंमद तुघलक इकडं आला, त्याला इथं विहिरीचं चांगलं पाणी मिळालं आणि त्यानं गावाला 'बीर' म्हटलं. अरबीत बीर म्हणजे विहीर. दुसरं मत असं की बालाघाटाच्या पायथ्याशी, खळग्यात वसलेलं म्हणून 'बिळ', त्याचं बीड. विद्वानांनी काय ते ठरवावं. मी कवी माणूस, मला विहीर बरी वाटते. याच तुघलकाचा एक दात इथं पडला आणि त्यानं तो थाटामाटात पुरला, असंही सांगतात. करजनीजवळ त्या दाताची कबर आजही दाखवतात. बादशाह निघून गेला, दात राहिला, आणि विहिरीचं नावही राहिलं.

खजाना बावडी मी नीट पाहिली ती कॉलेजात आल्यावर. निजामशाहीत, १५८२ च्या सुमाराला, बीडचा जहागीरदार सलाबतखान यानं ती बांधली. सरकारी खजिना सगळा या कामात गेला, आणि हिशेब मागितल्यावर त्यानं "खजिना विहिरीत आहे" असं उत्तर दिलं, अशी आख्यायिका आहे. पण खरी गंमत तिच्या रचनेत आहे. बावडीला तीन नहरी आहेत. दोन नहरी जमिनीच्या पोटातून पाणी गोळा करून बावडीत आणतात आणि तिसरी ते बाहेर नेते. ना मोट, ना पंप. जमिनीचा उतार ओळखून नहरी अशा खोदल्या की पाणी आपल्या वजनानं चालत राहतं. याच पाण्यावर बलगुजार भागातली शेती पिढ्यान् पिढ्या भिजली. सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वी या दुष्काळी मुलखात कुणीतरी पाणी कुठं मुरतं आणि कुठं निघतं, याचा विचार केला होता.

शहराच्या आतही पाण्याच्याच खुणा. कंकालेश्वराचं मंदिर कुंडाच्या मधोमध उभं. एका वस्तीचं नाव कारंजा. मधून बिंदुसरा वाहणारी, तिच्या पलीकडं पेठ बीड. आणि वेशींच्या आतल्या जुन्या वाड्यांत घरोघरी आड.

१९८७ साली मी बी.ए.ला आलो आणि खालाकडे राहिलो. तिच्या अंगणात आड होता. आमच्या घरात त्याला बावडी म्हणायचे, शाळेत मी विहीर शिकलो होतो, गल्लीतल्या बायका आड म्हणायच्या. पहाटे रहाटाचा आवाज सुरू झाला की दिवस उगवायचा. रमजानमध्ये सहरीला उठलेली खाला पहिला पोहरा काढायची, आणि अजान होते न होते तोच शेजारच्या काकू घागर घेऊन यायच्या. त्या कडेला बसून मी मराठी शिकलो. पुस्तकातली नव्हे, भांडणातली, चेष्टेतली, दुखण्याखुपण्यातली. "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार," हे वाक्य मी पहिल्यांदा तिथंच, एका सासूच्या तोंडून सुनेविषयी ऐकलं. माझी पहिली कविताही त्याच आडावरची.

जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेला महापूर आला. नदीकाठच्या वस्त्या वाहून गेल्या, माणसं गेली. आमच्या अंगणात कमरेइतकं पाणी चढलं. ओसरल्यावर आडात गाळ, चपला आणि कुणाच्या तरी संसारातली भांडी निघाली. आठ दिवस अख्खी गल्ली आड उपसत होती. मी दोर ओढत होतो, समोरच्या घरातला मुलगा खाली उतरून घमेलं भरत होता. नितळ पाणी लागलं तेव्हा खालानं पहिला पोहरा त्याच्या आईच्या घागरीत ओतला.

मग नळ आला. पाणी दारात आल्यावर आडाकडं कोण जाणार? बेडूक झाले, कचरा पडू लागला. दुष्काळात गावं सोडून आलेली माणसं शहरात मुक्कामाला राहिली. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं शिकायला आली. आमच्यासारखी खेड्यातली कुटुंबंही इथलीच झाली. २०११ च्या जनगणनेत बीडची लोकसंख्या दीड लाखाच्या घरात गेली होती. प्रत्येकाला खोली हवी होती. मलाही हवी होती. १९९८ साली आड बुजवून वर खोली काढायचं मी ठरवलं. खाला म्हणाली, "बुजाव नक्को बेटा, ढाँक के रख." तिच्यासाठी स्लॅबमध्ये एक झाकण ठेवलं. त्या झाकणावर मी पुस्तकांचं कपाट उभं केलं.

आता बीडचं पाणी कसं येतं ते बघा. पालीच्या तलावाचं पाणी पुरेना, म्हणून माजलगाव धरणाच्या फुगवट्यातून आणावं लागलं. ते धरण सिंदफणेवर आहे आणि आपली बिंदुसरा सिंदफणेलाच मिळते. म्हणजे दारावरून वाहून गेलेलं पाणी खाली अडवायचं आणि वीज जाळून पुन्हा वर चढवायचं.

२०१६ च्या उन्हाळ्यात तेही संपलं. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. बीडला तेव्हा रेल्वेच नव्हती. नगरहून बीडपर्यंत गाडी धावली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. आम्ही टँकर घेतला. बोअर घेतला, तो फुफाटा उडवत कोरडा गेला. शेवटी कपाट सरकवलं. खाला तेव्हा हयात नव्हती. झाकण उघडून पोहरा सोडला. तो दगडावर वाजला.

हे का झालं, ते मला नंतर एका जाणत्या माणसानं समजावलं. आपल्याकडं जमिनीखाली काळा खडक. पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या, मुरमाड थरात. आड त्याच थरावर जगतो. बोअर त्याखालच्या फटींपर्यंत जातात आणि वरचं पाणी त्या वाटेनं खाली ओढलं जातं. शिवाय आपण अंगणं फरशीनं आणि रस्ते सिमेंटनं बांधून काढले. पावसाला मुरायला जागा ठेवली नाही. उपसणारे हजार आणि भरणारा कुणी नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

लोक मला विचारतात, बीड किती बदललं? वेशी गर्दीत लपल्या, टांगे गेले, बायपास झाला. हे बदल सगळ्यांना दिसतात. मला वाटतं, आपलं पाणी कुठून येतं हे शहराला ठाऊक असायचं, ते आता ठाऊक नाही. हाच मोठा बदल. आणि त्यात माझाही हात आहे, एका स्लॅबपुरता.

त्या पावसाळ्याआधी गच्चीवरचं पाणी वाळू-खडीतून गाळून पाईपानं आडात सोडलं. समोरच्या घरानंही आपल्या गच्चीचा पाईप जोडून दिला. कपाट आता दुसऱ्या भिंतीला आहे. पिण्याजोगं पाणी नाही, पण धुण्याभांड्याला होतं.

खालाच्या काळी श्रावणात सात हात दोर पुरायचा. गेल्या श्रावणात मी मोजला. एकोणीस हात.